पानाला भोक पडू द्या

नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. पाथर्डी फाट्याच्या पुढे तुमचं नवं घर झालंय. मागे 40 बाय 30 फुटांची मोकळी जागा आहे. खाली मुरूम, वर बांधकामाचा राडारोडा. बोअरला पाणी आहे, पण उन्हाळ्यात ते खाली जातं. बागवाल्याने लॉन, पाम आणि ड्युरांटाचं कुंपण असं कोटेशन दिलंय. मुलीला फुलपाखरं हवीत, सासूबाईंना देवाची फुलं, तुम्हाला पक्षी. शेजारी म्हणतात, झाडी केलीत की साप येतील. अशा जागेत इथली, आपल्या मातीतली झाडं कोणती लावू, असं तुम्ही विचारलंय.

नाशकात बागा करायला लागून मला 22 वर्षं झाली. झाडांची नावं सांगतेच, पण त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण तिच्यावरच सगळं उभं आहे. तुमच्या बागेतली पानं कोणीतरी खाल्ली पाहिजेत. फुलपाखरू हवं तर अळी हवी, अळी हवी तर तिचं पान हवं. पक्षी हवा तरी अळीच हवी. शिंजीर फुलातला मध पितो हे आपण बघतो, पण पिल्लांच्या तोंडात तो किडे आणि कोळी घालतो. चिमणी दाण्यावर जगते, तिची पिल्लं मात्र पहिले काही दिवस अळ्या-किड्यांवरच वाढतात. ज्या बागेत वर्षभर एकाही पानाला भोक पडत नाही, ती बाग कितीही हिरवी असली तरी तिथे कोणाचं घर चालत नाही.

हे मला सुरुवातीला कळलेलं नव्हतं. गंगापूर रोडला एका बंगल्यात मी 'फुलपाखरांची बाग' म्हणून काम केलं होतं. घाणेरीच्या रंगीत जाती, पेंटास, कॉसमॉस, झिनिया, सगळं फुललेलं. श्रावणात फुलपाखरं आली, मालकीणबाई खूश झाल्या. मार्गशीर्षात त्यांचा फोन आला, "ताई, सगळी गेली हो." जाऊन बघितलं. मध प्यायला आलेली फुलपाखरं मध पिऊन पुढे गेली होती. अंडी घालायला तिथे एकही झाड नव्हतं. मी त्यांना खाणावळ करून दिली होती, बिऱ्हाड करायला जागा ठेवलीच नव्हती. शिवाय घाणेरी आली दक्षिण अमेरिकेकडून. तिची फळं बुलबुल खातात आणि बी डोंगरावर नेऊन टाकतात. पांडवलेणीच्या, चांभारलेणीच्या उतारांवर ती कशी माजलीय ते तुम्ही बघितलं असेल. तेव्हापासून मी घाणेरी लावलेली नाही.

फुलपाखराची मादी अंडी घालताना फार चोखंदळ असते. मुलीला दाखवायला सगळ्यात सोपं उदाहरण कढीपत्त्याचं. लिंबाचं फुलपाखरू, म्हणजे काळ्या पंखांवर पिवळट ठिपके असतात ते, कढीपत्त्याभोवती घिरट्या घालतं. पुढच्या पायांनी कोवळ्या पानाला टिचकी मारल्यासारखं शिवून बघतं, पान ओळखीचं निघालं की पोट वाकवून एकच अंडं चिकटवतं आणि दुसऱ्या पानाकडे जातं. अंडं फिकट पिवळं, मोहरीच्या दाण्याहून लहान. तीन-चार दिवसांत त्यातून जी अळी निघते ती थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. पक्षी फसतात, आपणही फसतो. पुढे कात टाकत टाकत ती हिरवीगार होते. त्या वेळी काडीने हलकेच डिवचून बघा. डोक्यामागून नारिंगी रंगाची दुटोकी शिंगं बाहेर काढते आणि सडक्या लिंबासारखा उग्र वास सोडते. महिन्याभरात फुलपाखरू तयार. त्याच कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन येतं. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, 2015 साली जाहीर झालेलं, त्याच्या अळीलाही लिंबाच्या कुळातलीच पानं लागतात. ते त्र्यंबकच्या, सह्याद्रीच्या अंगाला जास्त दिसतं.

म्हणून कढीपत्ता एक लावू नका, तीन लावा. एक स्वयंपाकघराच्या दाराशी आपल्यासाठी, दोन मागे त्यांच्यासाठी. मागच्या दोघांची पानं खरवडली गेली तरी हात लावायचा नाही. महिन्याभरात पुन्हा फुटतात.

आता सासूबाईंकडे येते, कारण तुमच्या बागेची अर्धी यादी त्यांच्याकडे तयार आहे. गणपतीच्या पत्री आठवा. रुई, आघाडा, दुर्वा, बेल, बोर, कण्हेर, माका, शमी, डोरली, अर्जुन. भाद्रपदात रविवार कारंज्यावर जुडी घेताना आपण नीट बघतही नाही, पण यातली बरीचशी पानं कुठल्या ना कुठल्या फुलपाखराच्या अळीचं अन्न आहेत. बेलावर लिंबाचं फुलपाखरू वाढतं. बोरावर कॉमन पिएरो, पांढऱ्या पंखांवर काळे ठिपके, नखाएवढं. कण्हेरीवर कॉमन क्रो. त्याचा कोश एकदा बघाच. कण्हेरीच्या पानाखाली चकचकीत चांदीचा थेंब लोंबकळत असतो, इतका आरशासारखा की त्यात आजूबाजूची हिरवळ उमटते. वीस वर्षांनंतरही तो दिसला की मी पाच मिनिटं तिथून हलत नाही.

रुईबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. रुईला लोक उकिरड्यावरचं झाड समजतात आणि शनिवारी मारुतीला हार घालायला तिचीच पानं शोधत फिरतात. अंजनेरी हे मारुतीचं जन्मस्थान मानणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तरी रुईला बागेत मानाची जागा मिळायला हवी. तिच्यावर प्लेन टायगरची अळी वाढते, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची. रुईचा चीक विषारी आणि चिकट. ही अळी आधी पानाची शीर कुरतडते, चीक तिथेच वाहून जाऊ देते आणि मग पुढचं पान खात बसते. चिकातलं विष तिच्या अंगात साठतं, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत आणि ती भर उन्हात उघड्यावर खाते. मुलांना बघायला याहून सोपी अळी नाही. रुईच्या फुलांवर मोठे काळे भुंगे येतात. तिचं परागीभवन मुख्यतः तेच करतात. रुईला मुरूम चालतो, पाणी नसलं तरी चालतं. पण एक काळजी घ्या. चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, आणि कण्हेर तर मुळापासून फुलापर्यंत विषारी. ही दोन्ही झाडं मागच्या कोपऱ्यात लावा आणि मुलीला पहिल्या दिवशीच सांगा, बघायचं, तोडायचं नाही, तोंडात तर मुळीच घालायचं नाही. तोडायचं काम आजीचं.

जागेच्या आखणीआधी माती. बागवाला तुम्हाला दोन ट्रॅक्टर लाल माती टाकायला सांगेल. टाकू नका. ती कुठल्यातरी डोंगराच्या उतारावरून खरवडून आणलेली असते, तो उतार पुन्हा भरून येत नाही, आणि तिच्याबरोबर गाजर गवताचं बी फुकट येतं. तुमचा मुरूम वाईट नाही. आपल्या आजूबाजूचे सगळे डोंगर काळ्या पाषाणाचे, आणि पांडवलेणीच्या उतारावर तशाच मुरमात धायटी, करवंद, निरगुडी कोणी पाणी न घालता उभ्या आहेत. राडारोडा मात्र पूर्ण काढा. सिमेंटचा चुरा, चुना, टाइलचे तुकडे राहिले तर माती खारवते आणि झाडं पिवळी पडतात. त्यात बोअरचं जड पाणी पडलं की आणखी बिघडतं. राडारोडा उचलला की मोठ्या झाडांना दोन-दोन फुटांचे खड्डे घ्या, झुडपांना दीड फुटाचे. निघालेला मुरूम, शेणखत आणि थोडी काळी माती मिसळून खड्डा भरा. नुसती काळी माती भरू नका. मुरमातल्या खड्ड्यात ती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. मे महिन्यात खड्डे उघडे तापू द्या, लावणी मृगाचा पाऊस नीट लागल्यावर.

'देशी' या शब्दाबद्दलही सांगते. नर्सरीत 'देशी झाड' म्हणून सीताअशोक देतील, सुरंगी देतील. भारतातली झाडं आहेत, सुंदर आहेत, पण ती ओलाव्याची. आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि नाशिक शहरात साधारण 700. निफाड, सिन्नर, येवला त्याहून कोरडे. इगतपुरीच्या घाटातलं झाड पाथर्डी फाट्यावर एप्रिलच्या उन्हात कडा करपून उभं राहतं. तुमच्यासाठी 'इथलं' म्हणजे पांडवलेणी, रामशेज, बोरगड या पट्ट्यातलं, पानगळीचं, आठ महिने कोरडं काढू शकणारं झाड. बोरगड तर घराजवळचं पुस्तक आहे. 2008 साली तो संवर्धन राखीव क्षेत्र झाला. सातपूरकडच्या फाशीच्या डोंगरावर 2015 पासून लोकांनी वाढवलेली देवराईही बघून या. कोणतं झाड कोरड्या उतारावर किती वर्षांत केवढं होतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. नर्सरीतल्या पिशवीत ते कळत नाही.

आता झाडं. 1,200 चौरस फुटांत मोठी झाडं दोनच. पश्चिमेच्या कोपऱ्यात, घरापासून किमान 12 ते 15 फुटांवर करंज. चैत्र-वैशाखात सगळं करपलेलं असताना करंज कोवळ्या पोपटी पालवीने भरतो, म्हणजे तुम्हाला दुपारची सावली नेमकी हवी तेव्हा मिळते. फुलांचा सडा पडतो, मधमाश्या दिवसभर गुणगुणतात, पानांवर छोट्या निळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. त्याच्या पानांवर गाठीही येतात. ते सूक्ष्म कोळ्यांचं काम आहे, झाडाला काही होत नाही, औषध मारायचं नाही. दुसरं झाड बहावा किंवा आपटा. बहावा पश्चिमेला लावू नका, ऐन उन्हाळ्यात त्याची पानं झडलेली असतात, सावली मिळणार नाही. पण पूर्वेला किंवा उत्तरेला लावलात तर पिवळे घोस, फुलांवर भुंगे, आणि कोवळ्या पानांवर एमिग्रंट नावाची फिकट हिरवट-पिवळी फुलपाखरं. ती कधीकधी इतकी अंडी घालतात की झाड आठवड्यात निष्पर्ण दिसतं. घाबरू नका, पंधरा दिवसांत परत पालवी येते. आपटा घेतलात तर दसऱ्याला फांद्या ओरबाडून आणायच्या नाहीत. घरच्या झाडाचं एक पान देवाला, एक-एक माणसाला, झालं.

वड, पिंपळ, उंबर या जागेत नको. ही झाडं पक्ष्यांसाठी सगळ्यात मोलाची आहेत. उंबर फळला की तांबट, हरियाल, कोकीळ, रात्री वटवाघळं, सगळ्यांची सोय होते. प्रत्येक जातीच्या उंबर-वडाला आपली स्वतंत्र चिलटासारखी गांधीलमाशी असते, तीच आत शिरून परागीभवन करते. पण मुळं तुमची भिंत फोडतील, आणि मग दहा वर्षांनी तुम्हीच ते तोडाल. पंचवटी हे नावच पाच वडांवरून पडलेल्या गावात वड तोडायची वेळ यायला नको. कॉलनीच्या मोकळ्या भूखंडावर, नाल्याच्या कडेला लावा, शेजाऱ्यांना बरोबर घ्या.

झुडपं हा बागेचा खरा जीव. बागेतले बरेच छोटे पक्षी घरटं करतात ते झुडपात, मोठ्या झाडाच्या शेंड्यावर नाही. ड्युरांटाऐवजी कुंपणाला करवंद लावा. दोन-दोन फुटांवर, एकाआड एक. हळू वाढतं, कुंपण म्हणून उभं राहायला तीन-चार वर्षं लागतात, तोवर धीर धरा. नंतर त्या काट्यांत मांजर शिरत नाही, म्हणून बुलबुल आणि वटवट्या तिथे निर्धास्त घरटी बांधतात. फाल्गुन-चैत्रात जाईसारखी पांढरी सुवासिक फुलं, ज्येष्ठाच्या तोंडावर करवंदं. सगळी तोडू नका. मध्ये मध्ये निरगुडी आणि अडुळसा घाला. निरगुडीची फांदी पावसाळ्यात रोवली तरी लागते. अडुळसा थंडीत फुलतो, आणि त्या दिवसांत मध देणारी झाडं मोजकीच असतात.

उन्हाच्या बाजूला, जिथे माती सगळ्यात हलकी आहे तिथे धायटी. माझं सगळ्यात लाडकं झुडूप आहे हे, आणि नाशकातल्या बागांत ते जवळजवळ दिसतच नाही याचं मला वाईट वाटतं. माघ-फाल्गुनात धायटीच्या फांद्यांना लालभडक नळीसारख्या फुलांचे झुबके लागतात. एका सकाळी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसा. जांभळा शिंजीर येतो, उन्हात त्याचं अंग निळं-जांभळं चमकतं, फांदीवर उलटा लटकून तो एकेका नळीत चोच घालतो, दर दोन फुलांनंतर वर बघतो, दुसरा नर आला तर त्याला हाकलतो आणि पुन्हा त्याच फांदीवर येतो. मादी फिकट, मागच्या बाजूने गुपचूप पिऊन जाते. तुमच्या जागेत तीन धायटी जवळजवळ लावा, एक नको. एकाच झुडपासाठी पक्षी लांबून रोज येत नाही.

मुरुडशेंगही लावा. तिचं फूल उमलताना लाल असतं, मग निळसर पडतं, आणि शेंग पिळलेल्या दोरीसारखी. बाळगुटीत उगाळतात तीच. सासूबाई ओळखतील. पिवळी कोरांटी पायवाटेच्या कडेला लावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास फुलते, देवालाही चालते, आणि लेमन पॅन्सी फुलपाखराच्या अळ्या तिची पानं खातात. चित्रकाच्या दोन-चार काड्या सावलीत. त्याच्या कळ्या-फुलांवर झेब्रा ब्लू फुलपाखरू अंडी घालतं. पारिजातक एक, सासूबाईंसाठी आणि रात्री येणाऱ्या पतंगांसाठी. वेलींत गुळवेल करंजावर चढवा, आणि कुंपणाच्या एका कोपऱ्यात वाघाटी. आषाढी एकादशीच्या उपवासानंतर द्वादशीला वाघाट्याची भाजी लागते, ती बाजारात महाग मिळते. पण वाघाटीचे काटे आकडीसारखे असतात, येण्याजाण्याच्या वाटेवर लावू नका.

बरं, लॉन. मधली 12 बाय 12 फुटांची जागा मुलीला खेळायला मोकळी ठेवा आणि तिथे साध्या दुर्वा पसरू द्या. पायाखाली टिकतात, उन्हाळ्यात वाळतात, पहिल्या सरीला हिरव्या होतात, गणपतीला उपयोगी पडतात. तुमची बोअर खाली जाते म्हणताय, तर मेक्सिकन लॉनचा विचारच सोडा. कडेने सहा फूट रुंदीचा एक पट्टा मात्र 'काहीही न करण्याचा' ठेवा. पावसाळ्यात तिथे टाकळा, कुर्डू, घोळ, आघाडा, तेरडा आपोआप उगवेल. टाकळ्याची कोवळी भाजी आपण खातो, उरलेल्यावर एमिग्रंट वाढतं. घोळीवर डेनाइड एगफ्लाय फुलपाखरू. कुर्डूच्या बियांवर मुनिया येतात. यातून फक्त गाजर गवत उपटायचं, तेही फुलायच्या आत आणि हातात मोजे घालून, कारण त्याची ॲलर्जी होते. एकदांडी येईल, तीही परदेशी आहे, पण तिच्यावर इतकी लहान फुलपाखरं आणि माश्या जगतात की मी तिला उपटत नाही. यावर माझ्याशी वाद घालणारे लोक आहेत. माझं मत काही मोजून बनलेलं नाही, तिच्यावर बसणारी फुलपाखरं बघून बनलेलं आहे.

रोपं कुठून आणायची हा पुढचा प्रश्न, आणि इथे मी एकदा वाईट हात पोळून घेतलाय. एका शाळेच्या बागेसाठी मी मोठ्या नर्सरीतून तीस कढीपत्ते आणि लिंबं आणली. पानं डागविरहित, तकतकीत. मला तेव्हा तेच चांगलं वाटलं. फुलपाखरं आली, अंडी घातली, मुलांनी चित्रं काढली. अळ्या बाहेर पडल्या आणि दोन दिवसांत काळ्या पडून मेल्या. एकूण एक. रोपांना अंतरप्रवाही कीटकनाशक दिलेलं होतं, ते पानापानांत होतं. मुलांना काय सांगायचं ते मला सुचेना. तेव्हापासून मी रोप घेताना चार पानं कुरतडलेली असतील तेच उचलते, आणि बाहेरून आणलेली रोपं एक पावसाळा बाजूला ठेवून मगच फुलपाखरांच्या बागेत लावते. तुम्हाला शक्य असेल तर वन विभागाच्या, सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत जा. करंज, बहावा, आपटा, निरगुडी तिथे सहज मिळतात. धायटी, मुरुडशेंग शोधावी लागेल. बहावा बियांपासून करायचा असेल तर बी खरखरीत फरशीवर घासा, वरचं कवच थोडं उडालं की रात्रभर पाण्यात ठेवा, फुगलेलं बी पेरा. न घासता पेरलं तर वर्षभर तसंच पडून राहतं.

डोंगरावरून मात्र काहीही उपटून आणू नका. पावसाळ्यात अंजनेरीला, ब्रह्मगिरीला जाणारी मंडळी पिशव्या भरून कंद आणताना मी बघते आणि जीव तुटतो. अंजनेरीच्या पठारावरची कंदीलपुष्पाची एक जात 2006 साली शास्त्राला नव्याने कळली, तिला नावही अंजनेरीवरूनच मिळालं. असल्या वनस्पती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागी उरल्यात. तुमच्या कुंडीत त्या जगत नाहीत, आणि डोंगरावरून मात्र कायमच्या जातात. वाटेवर पडलेली करंजाची, बहाव्याची शेंग उचलली तर गोष्ट वेगळी.

औषध फवारणी बंद, हे वेगळं सांगायला नको. पण नीमतेलही नको. सेंद्रिय आहे म्हणून लोक बिनधास्त मारतात. फुलपाखराच्या अळीला आणि किडीला ते वेगवेगळं ओळखता येत नाही. मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा, दोन दिवस थांबा, लेडीबर्ड येतात. शेजारी द्राक्षबाग असेल तर त्या बाजूला करवंदाचं कुंपण जरा दाट आणि उंच ठेवा, फवाऱ्याचा थोडा तरी भाग अडतो.

पाला जाळू नका. झाडाखालीच पसरा, चार बोटं जाडीचा. मुरमाची माती त्याच्याखाली दोन वर्षांत काळी पडायला लागते, आणि पाणीही कमी लागतं. सातभाई आले की तो पाला चोचीने उलटापालटा करून खालचे किडे खातात, इतकी गडबड करतात की घरात ऐकू येतं. पाण्यासाठी पसरट मातीचं परळ, दीड-दोन इंच खोल, मध्ये एक ओबडधोबड दगड. दर दोन दिवसांनी ओतून घासून पुन्हा भरा, नाहीतर डास होतील. परळाच्या बाजूची माती ओली राहू द्या, फुलपाखरं त्या चिखलातले क्षार शोषतात. दाणे टाकू नका. दाण्यावर कबुतरं येतात, मग उंदीर येतात, आणि उंदरांच्या मागे जे येतं त्याचीच तुमच्या शेजाऱ्यांना भीती आहे.

सापांबद्दल सरळ सांगते. साप झाडामुळे येत नाही, उंदीर-बेडूक आणि लपायला बीळ यासाठी येतो. आत्ता तुमच्या मागे जो राडारोडा पडलाय, ती बागेपेक्षा सापाची कितीतरी आवडती जागा आहे. घराच्या भिंतीपासून सहा फूट मोकळे ठेवा, दाराशी लावलेला कढीपत्ता सोडला तर तिथे झुडूप, पाला, विटांचा ढीग काही नको. गुळवेल घरावर चढवू नका. करवंदाचं कुंपण खालून एक वीत साफ ठेवा. संध्याकाळी मागे जाताना टॉर्च आणि पायात बूट. नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप आपल्या जिल्ह्यात आहेत, त्यामुळे काळजी हवीच. पण घराभोवती दिसणारे बरेचसे धामण, तस्कर नाहीतर कवड्या असतात. कवड्याला मण्यार समजून रोज कुठेतरी मारतात. स्वतः ओळखायच्या फंदात पडू नका, मारूही नका, सर्पमित्राला बोलवा. चावा झाला तर कोणताही उपचार घरी न करता सरळ सरकारी रुग्णालय.

पाण्याचं वेळापत्रक असं. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, खोल. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा. तिसऱ्यात फक्त पारिजातक आणि कढीपत्त्याला. धायटी, रुई, करवंद यांना तिसऱ्या वर्षी पाणी देत राहिलात तर नुसती पानं वाढतील, फुलं येणार नाहीत. पहिलं वर्ष मुळांचं असतं, वर काही दिसत नाही. पाहुणे येऊन विचारतील, बाग कुठाय? दुसऱ्या श्रावणात कढीपत्त्यावर अळी दिसेल. शिंजीर साधारण तिसऱ्या माघात.

आज वैशाख आहे. या आठवड्यात राडारोडा उचलायला सांगा, पुढच्या आठवड्यात खड्डे. बागवाल्याला नाही म्हणू नका, खड्डे आणि दगडी कडा त्याच्याकडूनच करून घ्या. त्याला फक्त झाडांची यादी तुमची द्या. आणि रोपवाटिकेत जाताना सासूबाईंना बरोबर न्या. आघाडा कोणता, माका कोणता, डोरली कोणती, हे पान हातात घेऊन चुरगाळून, वास घेऊन सांगणारं माणूस तुमच्या घरातच आहे. मुलीला त्यांच्या शेजारी उभं करा.